ग्रहांतर्गत विद्युत्चुंबकीय प्रवर्तन

ग्रह वा उपग्रहाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की त्याच्या पोटातील संवाहक (वीज वाहून नेणाऱ्या) थरांत विद्युत् प्रवाह प्रवर्तित होतात. त्यांचे क्षेत्र मूळ बदलाला विरोध करते. बाहेरून मोजलेल्या क्षेत्रातून हा प्रतिसाद वेगळा काढून आतील संवाहकतेचे प्रतिमान बांधतात.

या पद्धतीचा आरंभ सामान्यतः भौतिकीविज्ञ आर्थर शुस्टर यांच्या १८८९ च्या निबंधापासून धरतात. क्षेत्राचे बाह्य व अंतर्गत उगम वेगळे करण्याची रीत त्याआधी सु. पन्नास वर्षे जर्मन गणितज्ञ गाउस यांनी दिली होती. परंतु कालानुसार बदलणाऱ्या क्षेत्राला ती लावली शुस्टर यांनी, म्हणून श्रेय त्यांना देणे अधिक सयुक्तिक. त्यांनी सेंट पीटर्झबर्ग, ग्रिनिच, लिस्बन व मुंबई येथील १८७० च्या चुंबकीय नोंदी घेतल्या. मुंबईच्या म्हणजे कुलाबा वेधशाळेच्या. (पुढे ट्राम विजेवर चालवायचे ठरल्यावर हे काम अलिबागला गेले, भटके प्रवाह नेमकी हीच मोजणी बिघडवतात.) दैनंदिन बदलाचा मोठा भाग बाहेरून येतो, हे त्यातून दिसले. उरलेल्या अंतर्गत भागाला गणितज्ञ होरेस लॅम्ब यांचे एकसमान संवाहकतेच्या गोलाचे गणित लावले, तेव्हा परमप्रसर (बदलाचा कमाल आकार) आणि कला (आवर्तनातील टप्पा) एकाच वेळी जुळेनात. यावरून पृथ्वीचा अंतर्भाग वरच्या थरांहून अधिक संवाहक असावा, असे अनुमान निघाले.

बदल जितका संथ, तितका तो खोल शिरतो. सागरजलाएवढी संवाहकता (सु. २·७५ सीमेन्स प्रति मीटर) आणि ११·२ तासांचा आवर्तकाल घेतल्यास प्रवेश-खोली (बदल लक्षणीय क्षीण होईपर्यंतची खोली) सु. ६० किमी. येते.

हा आवर्तकाल गुरूचा उपग्रह यूरोपा याला जाणवणाऱ्या क्षेत्रबदलाचा आहे; त्याच्या बर्फाखाली सागर असावा का, हा येथील प्रश्न. गुरूचा चुंबकीय अक्ष सु. १० अंश कललेला असल्याने यूरोपाच्या ठिकाणी क्षेत्राचा अरीय घटक दर फेऱ्यात उलटसुलट होतो. गुरूभोवती फिरलेल्या गॅलिलिओ यानाने आधी घेतलेल्या वेधांचा उलगडा यूरोपाच्या स्वतःच्या स्थायी द्विध्रुवानेही (दोन ध्रुवांच्या चुंबकानेही) होत होता. ३ जानेवारी २००० रोजी यान मुद्दाम गुरूच्या क्षेत्राच्या उलट कलेत जवळून गेले आणि द्विध्रुवाची दिशाही उलटलेली आढळली. स्थायी क्षेत्राचा पक्ष तिथे दुबळा झाला. मात्र सागर पातळ असल्यास एकाच आवर्तकालावरून जाडी व संवाहकता यांचा केवळ गुणाकार कळतो. ८५ तासांच्या कक्षीय आवर्तकालाची जोड त्यासाठीच हवी असते.

गुरूचाच दुसरा उपग्रह आयो याच्या पोटातील मॅग्मासागराचा (वितळलेल्या खडकाच्या थराचा) २०११ मधील दावा याच पद्धतीवर उभा होता. भोवतीच्या प्लाझ्माच्या (विद्युत् भारित वायूच्या) प्रवाहांनीही तसेच वेध मिळू शकतात, हा आक्षेप वजनदार आहे. गुरूचा अभ्यास करणाऱ्या जूनो यानाच्या भरतीविषयक गुरुत्व-मापनांनीही उथळ, सर्वव्यापी मॅग्मासागराला पुष्टी दिलेली नाही.