मोळी कोण आणतं, नियम कोण करतं

नेपाळच्या मधल्या डोंगरांत सकाळी जंगलाकडे निघालेल्या बाईच्या पाठीवर डोको असतो. डोको म्हणजे बांबूची विणलेली निमुळती टोपली. तिचा भार खांद्यावर येत नाही. नाम्लो नावाचा पट्टा कपाळावरून घेतलेला असतो, सगळं वजन त्यावर. परतताना त्यात गोठ्यासाठी चारा, पालापाचोळा नाहीतर चुलीसाठी सरपण. कुठल्या उतारावर नवी रोपं उगवलीत, कुणी ओली फांदी तोडून नेलीय, हे तिला नकाशाशिवाय ठाऊक असतं. जंगलाचे नियम ठरवणाऱ्या बैठकीत मात्र ती फारशी नसायची.

नेपाळने १९९३च्या वन कायद्याने गावालगतची जंगलं ‘सामुदायिक वन उपभोक्ता समूहां’कडे सोपवली. आज असे २२ हजारांच्या आसपास समूह आहेत, आणि उघडे पडलेले कितीतरी डोंगर पुन्हा हिरवे झाले आहेत. उपाय तसा साधा. चराई आणि तोड थांबवली की जमिनीत जिवंत राहिलेल्या खोडामुळांतून धुमारे फुटतात. साल, चिलौनी अशी झाडं त्यात पटाईत. लागवडीपेक्षा हे कितीतरी स्वस्त.

पण जंगल बंद केलं तरी चूल बंद होत नाही. घरातून एकच सभासद, आणि तो बहुधा पुरुष, अशा बैठकीत ‘दोन वर्षं सरपण बंद’ हा ठराव पटकन मंजूर होतो. त्याची किंमत मोजते ती दुसऱ्या जंगलापर्यंत दोन तास जास्त चालणारी बाई. नाहीतर ती शेण आणि काडीकचरा जाळते. म्हणजे घरात धूर आणि शेतात खत कमी. तेही जमलं नाही की अंधारात चोरून हाताला लागेल ते तोडते, आणि घाईत कोयता पडतो तो नेमका कोवळ्या खोडावर.

अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या १३५ वनगटांचा अभ्यास केला. बायकांना सरपण लागतं, म्हणजे त्या नियम सैल करतील, असा अंदाज होता. निघालं उलटंच. कार्यकारिणीत बायका जास्त, तिथे वापराचे नियम अधिक कडक. नेपाळमध्ये हे विशेष दिसलं. तिथल्या निव्वळ महिलांच्या समित्यांना वाट्याला आलेली जंगलं आकाराने लहान आणि जास्त उजाड होती, तरी त्यांची स्थिती इतरांपेक्षा अधिक सुधारली. एक कारण राखणीचं. चोरून मोळी नेणारी बाई पुरुष पहारेकऱ्याला दिसली तरी तिला अडवायला तो कचरतो, उद्या आपल्यावरच आळ यायचा. बाई बाईला सरळ थांबवते, आणि मोळी कुठली हेही ओळखते.

एखादीच बाई समितीत घेतली तर ती कोपऱ्यात बसून सही करते. साधारण पाव ते एक-तृतीयांश बायका असल्या की त्या बोलू लागतात, असं याच अभ्यासात दिसलं. आपल्याकडे वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेला हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश महिला लागतात, तो आकडा याच पट्टीत बसतो. नेपाळने २००९च्या मार्गदर्शिकेत त्याहून पुढे जाऊन कार्यकारिणीत निम्म्या जागा महिलांना दिल्या. शिवाय समूहाच्या उत्पन्नातला किमान ३५ टक्के भाग गरीब आणि वंचितांसाठी राखला.

तरी ‘महिला’ म्हटलं की सगळे आले, असं मुळीच नाही. कामी ही तिथली लोहारकाम करणारी दलित जात. भात्याला कोळसा लागतो, आणि कोळसा पाडण्यावर बंदी हा अनेक समूहांचा पहिला नियम. स्वतःच्या घरी भाता नसलेली सवर्ण बाई समितीत असली, तरी तिलाही ही बंदी खटकत नाही. तिच्या दृष्टीने ते जंगल वाचवणंच. पडलेल्या, वाळलेल्या लाकडाचा कोळसा ठरावीक दिवशी पाडू द्यायला शास्त्राची काही अडचण नाही. ते मागणारा माणूस मात्र शिवाशिवीमुळे बैठकीच्या कडेला बसलेला असतो, किंवा आलेलाच नसतो. आपल्या बलुत्यासारखी तिथे ‘बालीघरे’ पद्धत आहे: वर्षभर अवजारं करून द्यायची आणि सुगीला धान्य घ्यायचं. चाऱ्याला निघालेल्या बाईच्या हातातला विळा त्याच भात्यावर तापून आलेला असतो.