लोकसभेतील महिला: राज्याराज्यांतील तफावतीची पार्श्वभूमी

लोकसभेतील महिलांची चर्चा बहुधा देशाच्या एकाच आकड्याभोवती फिरते. 1977 मध्ये 19, 2019 मध्ये 78 आणि 2024 मध्ये 74 महिला निवडून आल्या. हा आकडा राज्यवार उलगडून पाहिला, की शिक्षण वाढले म्हणजे प्रतिनिधित्वही आपोआप वाढते, हा समज टिकत नाही. 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीत पश्चिम बंगालच्या 42 जागांपैकी 11 जागांवर महिला विजयी झाल्या. साक्षरतेत आणि स्त्री-पुरुष प्रमाणात कायम आघाडीवर राहिलेल्या केरळच्या 20 जागांवर मात्र एकही महिला निवडून आली नाही, आणि वायनाडच्या पोटनिवडणुकीनंतरच ती उणीव अंशतः भरून निघाली. ज्या तिरुवनंतपुरमने पहिल्याच निवडणुकीत अ‍ॅनी मस्करीन यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले, त्या प्रदेशाची ही स्थिती अस्वस्थ करणारी आहे.

या तफावतीचे मूळ मतदारांपेक्षा उमेदवारी वाटपात अधिक आहे. बंगालमध्ये रेणू चक्रवर्ती आणि गीता मुखर्जी यांच्यापासून डाव्या पक्षांतील महिला खासदारांची परंपरा होती. पण संख्येतील मोठी वाढ तृणमूल काँग्रेसने 2019 मध्ये 42 पैकी 17 जागांवर महिलांना उमेदवारी दिली तेव्हा दिसली. त्याच वर्षी ओडिशात बिजू जनता दलाने 21 पैकी सात जागा महिलांना दिल्या. त्यांपैकी पाच जणी जिंकल्या आणि भाजपच्या दोघी धरून राज्याच्या खासदारांत महिलांचे प्रमाण एक तृतीयांश झाले. 2024 मध्ये या पक्षाला एकही जागा मिळाली नाही आणि महिला खासदारांची संख्या चारवर आली. पक्षाच्या निर्णयातून झालेली वाढ त्या पक्षाच्या पराभवाबरोबर किती लवकर ओसरते, हे यातून दिसते.

नागालँडची गोष्ट निराळी आहे. 1977 मध्ये रानो शायझा तेथून लोकसभेवर गेल्या, पण विधानसभेत पहिल्या महिला पोहोचायला 2023 उजाडले. गावाच्या कारभाराचा अधिकार परंपरेने पुरुषांकडे राहिला, आणि नगरपालिकांतील 33 टक्के आरक्षणालाही रूढी व नागा प्रथांना संरक्षण देणारा राज्यघटनेचा अनुच्छेद 371 अ यांचा आधार घेऊन दीर्घकाळ विरोध झाला.

महाराष्ट्रात वळण चळवळीतून आले. देशभरात महिला खासदारांची संख्या नीचांकी असताना, 1977 मध्येच, मुंबईने मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर या दोघींना लोकसभेवर पाठवले. महागाईविरोधी लाटणे मोर्च्यांतून उभी राहिलेली ओळख त्यांच्या पाठीशी होती. त्यानंतरच्या दशकांत हा मार्ग अरुंद झाला आणि राजकीय घराण्यांचा मार्ग रुंदावला. 2019 मध्ये 48 पैकी आठ, तर 2024 मध्ये सात महिला निवडून आल्या, आणि या सात जणींपैकी अनेकींच्या घरात आधीपासून आमदारकी वा खासदारकी होती. त्यांच्या कर्तृत्वाला यामुळे उणेपणा येत नाही. मात्र पंचायत राज संस्थांत निम्म्या जागा राखीव असूनही जिल्हा परिषदेतून लोकसभेपर्यंतची वाट सामान्य कार्यकर्तीसाठी खुली झालेली नाही.

लोकसभा व विधानसभांतील महिला आरक्षणाचे विधेयक 1996 मध्ये प्रथम मांडले गेले, तेव्हा संयुक्त समितीच्या अध्यक्षपदी गीता मुखर्जी होत्या. 2010 मध्ये राज्यसभेने ते संमत केले, पण लोकसभेत ते अडले. अखेर 2023 मध्ये 106 वी घटनादुरुस्ती झाली. मात्र एक तृतीयांश जागांची ही तरतूद जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडण्यात आली.