वजनाच्या मंचावरून संसदेत: आनो तुर्तियाइनेन प्रकरणाची पार्श्वभूमी

फिनलंडच्या मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते, चिन्ह नसते, उमेदवाराचे छायाचित्रही नसते. घडी घातलेल्या कागदाच्या आत एक वर्तुळ छापलेले असते आणि मतदाराने त्यात आपल्या उमेदवाराचा क्रमांक लिहायचा असतो. हे क्रमांक २ पासून सुरू होतात. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूची टर उडवल्याने पक्षाच्या संसदीय गटातून काढले गेलेले आनो तुर्तियाइनेन या माजी पॉवरलिफ्टरची राजकीय वाटचाल समजून घ्यायची असेल, तर सुरुवात या वर्तुळापासून करावी लागते. मत एका माणसाला दिलेले असले, तरी ते आधी त्याच्या पक्षाच्या यादीत जमा होते. यादीला किती जागा मिळणार हे एकूण बेरजेवर ठरते आणि त्या जागा कोणाला जाणार हे वैयक्तिक मतांवर. त्यामुळे घराघरांत ओळखीचा असलेला एखादा चेहरा स्वतः तर निवडून येतोच, शिवाय यादीतल्या इतरांनाही वर ओढतो. अशा उमेदवाराला फिनिश भाषेत ‘आनिहारावा’ म्हणतात, म्हणजे मते गोळा करणारे दंताळे.

खेळाडूंना या पद्धतीचा लाभ मिळणे स्वाभाविक होते. लांब पल्ल्याचे धावपटू आणि चार ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी लासे विरेन १९९९ मध्ये संसदेत गेले, तर स्कीपटू युहा मिएतो २००७ मध्ये. या दोघांच्या निवडीने कोणाच्या भुवया उंचावल्या नाहीत, कारण ते प्रस्थापित पक्षांतून आले होते आणि त्या पक्षांच्या शिस्तीत राहिले. खळबळ उडाली ती टोनी हाल्मे यांच्यामुळे.

हाल्मे हे मुष्टियोद्धे होते. १९९३ मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात ते ‘लुडविग बोर्गा’ या नावाने उतरले आणि मायदेशी टीव्हीवरील ग्लॅडिएटर्सच्या कार्यक्रमात ‘व्हायकिंग’ म्हणून घरोघरी पोहोचले. २००३ च्या निवडणुकीत ते हेलसिंकीतून ट्रू फिन्स पक्षाच्या यादीवर उभे राहिले आणि त्यांना १६,३९० मते मिळाली. या पक्षाला साऱ्या देशात मिळालेल्या मतांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मते एकट्या हाल्मे यांची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे पक्षाच्या तेव्हाच्या अवस्थेची कल्पना येते. पक्षाला तीनच जागा मिळाल्या. वेइक्को वेन्नामो यांनी १९५९ मध्ये स्थापलेल्या आणि छोट्या शेतकऱ्यांच्या नाराजीवर वाढलेल्या ग्रामीण पक्षाच्या पडझडीनंतर, १९९५ मध्ये, ट्रू फिन्सची उभारणी झाली होती. पण हेलसिंकीच्या कामगार वस्त्यांत त्याला कोणी विचारत नव्हते. हाल्मे यांनी ते दार उघडले. निवडून येताच मात्र राष्ट्राध्यक्ष तार्या हालोनेन यांच्याविषयीच्या अवमानकारक विधानाने ते वादात सापडले, त्याच उन्हाळ्यात स्वतःच्या घरात गोळी झाडण्याच्या प्रकरणाने पुढे त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि आजारपणामुळे सभागृहातली त्यांची बाके बहुतांशी रिकामीच राहिली. जानेवारी २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. एका माणसाची इतकी ओढाताण पाहताना वाईट वाटते. मतांसाठी त्याला पुढे करणाऱ्यांनी पुढे त्याला कितपत सांभाळले, हा प्रश्न विचारायलाच हवा.

पक्ष मात्र थांबला नाही. तिमो सोइनी यांच्या नेतृत्वाखाली २०११ मध्ये त्याने ३९ जागा जिंकल्या, २०१५ मध्ये तो सत्तेत सहभागी झाला आणि २०१७ मध्ये स्थलांतराविषयी कठोर भूमिका घेणारे युस्सी हाल्ला-आहो अध्यक्ष झाल्यावर फुटला. सत्तेतले मंत्री पक्षातून बाहेर पडले. उरलेल्या पक्षाची भाषा अधिक तिखट झाली आणि एप्रिल २०१९ मध्ये त्याने पुन्हा ३९ जागा मिळवल्या. त्यांपैकी एक जागा आग्नेय फिनलंडमधून तुर्तियाइनेन यांची होती.

पॉवरलिफ्टिंग हा रिंगणातल्या नाट्यापेक्षा अगदी वेगळा खेळ आहे. स्क्वॅट, बेंचप्रेस आणि डेडलिफ्ट या तीन प्रकारांत प्रत्येकी तीन प्रयत्न मिळतात आणि तीन पंचांपैकी किमान दोघांनी पांढरा दिवा लावला तरच उचललेले वजन ग्राह्य धरले जाते. डेडलिफ्टमध्ये गुडघे आणि पाठ सरळ करून, खांदे मागे घेऊन उभे राहायचे आणि पंचाचा इशारा होईपर्यंत दांडी खाली ठेवायची नाही. ताकद कितीही असो, इशाऱ्याआधी दांडी सोडली की प्रयत्न बाद.

संसदेत तुर्तियाइनेन यांना नेमका हा संयम साधला नाही. मे २०२० मध्ये मिनियापोलिस येथे पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तुर्तियाइनेन यांनी त्या मृत्यूची टर उडवणारे चित्र ट्विटरवर टाकले. मरणाऱ्या माणसाची अशी थट्टा कोणत्याही राजकीय मताच्या आडून समर्थनीय ठरत नाही. त्यांच्याच पक्षाने जूनमध्ये त्यांना संसदीय गटातून काढून टाकले. गट गेला तरी खासदारकी गेली नाही, कारण फिनलंडमध्ये निवडून आलेली जागा पक्षाची नसून व्यक्तीची मानली जाते. त्यामुळे ते एकट्याचा गट करून बसले, करोनाकाळात सभागृहात मास्क लावण्यास नकार देत राहिले आणि २०२१ मध्ये ‘सत्ता जनतेची’ अशा अर्थाच्या नावाचा पक्ष त्यांनी नोंदवला. नोंदणीसाठी ५,००० मतदारांचे पाठिंबापत्र लागते. मे २०२२ मध्ये नाटो सदस्यत्वासाठी अर्ज करण्याचा प्रस्ताव १८८ विरुद्ध ८ मतांनी संमत झाला, तेव्हा विरोधातल्या आठांत तेही होते.

२०१९ मध्ये त्यांच्या क्रमांकाला मिळालेली मते एका मोठ्या यादीच्या बेरजेत सामावली होती. २०२३ मध्ये तशी यादी पाठीशी नव्हती. त्या एप्रिलमध्ये त्यांच्या जुन्या पक्षाने ४६ जागा जिंकल्या आणि तो पुढे सरकारात गेला. त्यांच्या नव्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही.