सैनिक स्मृतिचषक

गावच्या हुतात्मा जवानाच्या नावाने किंवा हयात माजी सैनिकांच्या सन्मानार्थ गावाने वा क्रीडा मंडळाने भरवलेली स्पर्धा. पश्चिम महाराष्ट्रात ती बहुधा कबड्डीची असते, क्वचित कुस्तीची. साताऱ्यातील अपशिंगे मिलिटरी, कोल्हापुरातील सैनिक टाकळी अशी घरोघरी फौजी असलेली गावे याच पट्ट्यात आहेत.

मुहूर्त बहुधा कारगिल विजय दिवस (२६ जुलै) किंवा १९७१ च्या युद्धाचा विजय दिवस (१६ डिसेंबर). जुलैत पावसाने मातीचे मैदान हाती लागत नाही. तेव्हा सभागृहात मॅट लागते. डिसेंबर सोयीचा, पण दव पडते, म्हणून रात्री उशिरा मॅट निसरडी होते.

कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ × १० मीटर, भोवती ४ मीटर मोकळी जागा. मातीत खडे राहू नयेत म्हणून ती चाळून घेतात, आदल्या संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवतात. रेषांना चुना वापरू नये. खरचटलेल्या गुडघ्यात आणि डोळ्यांत तो जळजळतो, खडूची भुकटी (फक्की) बरी.

वेळेचे गणित हमखास चुकते. १६ संघांची बाद पद्धत म्हणजे १५ सामने. वीस मिनिटांचे दोन डाव, त्यांत पाच मिनिटांची विश्रांती आणि दोन सामन्यांमधली दहा मिनिटे धरली, तर एका मैदानावर पावणेचौदा तास जातात. सन्मान अंतिम सामन्यानंतर ठेवला की तो मध्यरात्री रिकाम्या खुर्च्यांपुढे उरकतो, आणि ऐंशीच्या घरातले सुभेदारसाहेब तोवर थंडीत बसून राहतात. म्हणून सन्मान पहिल्या सामन्याआधीच घ्यावा: दोन मिनिटे मौन, नावांचे वाचन, मग ज्येष्ठ सैनिकाच्या हस्ते नाणेफेक. पुढाऱ्यांची भाषणे त्यानंतर, तीही मोजकी.

नाव, हुद्दा, रेजिमेंट आणि मोहीम आठ दिवस आधी घरच्यांकडून लिहून घ्यावी. निवेदकाने ती मोठ्याने वाचून पाहावी. नायक आणि नायब सुभेदार यांत घोटाळा झाला, तर त्या घराला तो वर्षभर सलतो. स्वतःची पदके छातीच्या डाव्या बाजूला लावतात. दिवंगताची पदके नातलगाने उजव्या बाजूला लावायची असतात. वीरपत्नीच्या सत्कारात ताट धरलेली बाई हळदीकुंकवापाशी थबकते आणि सगळ्यांसमोर वीरपत्नीला ओशाळवाणे होते. ताट पुढे करण्याआधीच तिला काय हवे ते हळूच विचारून घ्यावे.

व्हीलचेअरवरच्या सैनिकासाठी ६० सेंटिमीटर उंच व्यासपीठाला, १:१२ उताराने, ७.२ मीटर लांब रॅम्प लागतो. तो नसला की चौघेजण खुर्चीसकट त्याला उचलतात. असा मान देऊ नये. त्यापेक्षा मध्यरेषेच्या समोर, मोकळ्या जागेपलीकडे, जमिनीवरच सगळ्यांची बैठक मांडावी. चढाई तिथूनच सर्वांत चांगली दिसते.

सैनिकाला केवळ पाहुणा मानू नये. सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. खडकीच्या पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळेपणा आलेल्यांच्या) पुनर्वसन केंद्रातले जवान व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. जमल्यास असा एक प्रदर्शनी सामना ठेवावा. त्याला सपाट, कडक जमीन लागते. मातीत चाके रुततात.

प्रवेश फीतून उरलेली रक्कम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजदिन निधीत भरतात. पावती मंडळाच्या फलकावर लावावी.