ईसीजीची पट्टी नर्सच्या हाती कशी आली

मॉनिटरवरची हृदयाची लय ओळखायला शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात पहिल्या दिवशी तेच आकडे फळ्यावर येतात. ईसीजीचा, म्हणजे हृदयाच्या विद्युत लहरींच्या आलेखाचा, कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणून बारीक चौकोन 0.04 सेकंदाचा आणि मोठा 0.20 सेकंदाचा. पीआर अंतर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांपर्यंत विद्युत संदेश पोचायचा वेळ) 0.12 ते 0.20 सेकंद, क्यूआरएस (खालच्या कप्प्यांची टोकदार लहर) 0.12 च्या आत. लय अनियमित असेल तर सहा सेकंदांच्या पट्टीतले ठोके मोजा आणि दहाने गुणा. नर्स आणि टेक्निशियन हे इतक्या सहजपणे करतात, की एकेकाळी हे काम त्यांचे नव्हतेच, याचा विसर पडतो. ईसीजी काढणे त्यांच्याकडे होते, वाचणे मात्र डॉक्टरांचा प्रांत. तो त्यांच्याकडे आला तो कुणाच्या औदार्यामुळे नव्हे. हृदय बंद पडल्यावर मेंदूला मिळणाऱ्या तीन-चार मिनिटांच्या हिशेबाने तो द्यावा लागला.

सुरुवातीची कथा प्रयोगशाळेतली आहे. 1887 मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ऑगस्टस वॉलरने माणसाच्या हृदयातली विद्युत हालचाल शरीराच्या बाहेरून टिपली. लायडनच्या विलेम आइनथोव्हेनने लहरींना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे दिली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तारेचा गॅल्व्हनोमीटर (क्षीण विद्युतप्रवाह टिपणारे यंत्र) तयार केला. हे यंत्र पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाचे होते आणि चालवायला पाच माणसे लागत. रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवलेले असत. रुग्ण इस्पितळात, यंत्र प्रयोगशाळेत. मधल्या सुमारे दीड किलोमीटर अंतरात टेलिफोनची तार. म्हणजे लय टिपणारा आणि रुग्ण अगदी पहिल्यापासून एकमेकांपासून दूर होते. आइनथोव्हेनला 1924 मध्ये नोबेल मिळाले. पुढे 1930 आणि 1940 च्या दशकांत छातीवरची आणि हातापायांची वाढीव लीड्स (हृदयाकडे वेगवेगळ्या कोनांतून पाहणाऱ्या जोडण्या) येऊन आजचा बारा लीड्सचा ईसीजी पुरा झाला. हा सगळा काळ निदानाचा होता. अहवाल दुसऱ्या दिवशी आला तरी फारसे बिघडत नसे.

बिघडू लागले ते विजेचा शॉक देता येऊ लागला तेव्हा. पॉल झोलने 1956 मध्ये छाती न उघडता बाहेरून शॉक देऊन व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (खालच्या कप्प्यांची नुसती थरथर, ज्यात रक्त पुढे जात नाही) थांबवल्याचे दाखवले. 1960 मध्ये काउवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत मांडली. 1962 मध्ये बर्नार्ड लाउनने डीसी (एकाच दिशेच्या विद्युतप्रवाहाच्या) शॉकचे काम प्रसिद्ध केले. उपाय हाताशी आला होता, पण हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण सर्वसाधारण वॉर्डात कुठेतरी कोपऱ्यात असायचा. त्याची लय बिघडलेली कुणी पाहायची, आणि पाहून डॉक्टर येईपर्यंत थांबायचे कसे?

1961 मध्ये एडिनबर्गच्या डेस्मंड ज्युलियनने उत्तर मांडले: असे रुग्ण एकाच जागी ठेवा, त्यांचा ईसीजी सतत पाहा आणि डॉक्टर हजर नसतील तर प्रशिक्षित नर्सने पुनरुज्जीवन सुरू करावे. पुढच्याच वर्षी ह्यूज डे यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत असे युनिट उघडले. पण नर्स हाच युनिटचा कणा आहे हे सर्वांत स्पष्टपणे मांडले ते फिलाडेल्फियाच्या लॉरेन्स मेल्ट्झर यांनी, रोझ पिनिओ या नर्सच्या साथीने. चोवीस तास रुग्णाजवळ असते ती नर्स. मग फिब्रिलेशन ओळखायचे तिने आणि शॉकही तिनेच द्यायचा. 1965 मध्ये त्यांनी इतरांसोबत खास नर्सेससाठी पुस्तिकाच काढली. त्या काळी औषधाचा डोस बदलायलाही डॉक्टरांची सही लागे, हे लक्षात घेतले तर हे पाऊल किती धाडसी होते ते कळते. न्यूयॉर्कच्या किलिप आणि किंबॉल यांनी 1967 मध्ये 250 रुग्णांचा अनुभव छापला. रक्तदाब कोसळून शॉकच्या अवस्थेत न गेलेल्या रुग्णांमधले मृत्यू सर्वसाधारण वॉर्डात 26 टक्के, तर अशा युनिटमध्ये 7 टक्के होते.

आजच्या अभ्यासक्रमावर त्या दशकाची छाप अजून आहे: जीवघेण्या लयी आधी, बाकीचे नंतर. 1970 मध्ये हेन्री मॅरियट आणि त्यांच्या सहकारी फॉग यांनी एमसीएल-1 हे लीड सुचवले. धन इलेक्ट्रोड छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला चौथ्या फासळीखालच्या जागेत, ऋण इलेक्ट्रोड डाव्या खांद्याजवळ. कारण व्यावहारिक होते. लीड 2 मध्ये वरच्या कप्प्यांची पी लहर ठसठशीत दिसते, पण रुंद क्यूआरएसची वेगवान लय आली की ती खालच्या कप्प्यांतून निघाली की वरून येऊन वाटेत अडखळली, हे त्यात नीट उलगडत नाही. अजूनही अनेक ठिकाणी मॉनिटर वर्षभर लीड 2 वरच असतो. ही सवय आहे; त्यामागे विचार नाही.

एक धडा मात्र पूर्ण उलटला. सुरुवातीच्या युनिट्समध्ये अवेळी येणारे रुंद ठोके ही फिब्रिलेशनची पूर्वसूचना मानत. मिनिटाला किती आले, जोडीने आले का, आधीच्या ठोक्याच्या शेवटी येणाऱ्या टी लहरीवर पडले का, हे नर्सने मोजायचे आणि लिडोकेन हे असे ठोके दाबणारे औषध सुरू करायचे. 1989 मध्ये कास्ट या चाचणीचा पहिला निष्कर्ष आला. झटक्यानंतर एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड देऊन असे ठोके दाबलेल्या रुग्णांमध्ये, नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपेक्षा मृत्यू जास्त झाले. सरसकट लिडोकेन देण्याची पद्धतही मागे पडली. जुन्या नोट्सवरून शिकवणारे अजूनही हे ठोके कसोशीने मोजायला लावतात, पण पुढे काय करायचे यावर गप्प राहतात.

आता लय आधी यंत्र वाचते. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठ रुग्णालयाच्या पाच अतिदक्षता विभागांत 31 दिवसांत 25 लाखांहून अधिक अलार्म नोंदले गेले. तपासलेल्या 12,671 लयीच्या अलार्म्सपैकी 88.8 टक्के खोटे निघाले. हा अभ्यास 2014 चा. दात घासणाऱ्या रुग्णाची पट्टी हुबेहूब व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियासारखी (खालच्या कप्प्यांतून निघणाऱ्या वेगवान लयीसारखी) दिसते. अशा वेळी कॅलिपरची (अंतर मोजायच्या दुटोकी साधनाची) टोके गडबडीच्या आधीच्या दोन क्यूआरएसवर ठेवून तेच अंतर पुढे मोजत न्यायचे. नेमक्या त्या जागी बारीक टोकदार उंचवटे सापडले आणि बोटावरच्या ऑक्सिमीटरची लाट अखंड असली, तर हृदय बिघडलेले नाही, हात हलतो आहे.

बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत टेलिमेट्रीचे (रुग्णाची लय दुरून दाखवणाऱ्या यंत्रणेचे) पडदे वेगळ्या खोलीत बसलेला मॉनिटर टेक्निशियन पाहतो आणि लय बिघडली की वॉर्डातल्या नर्सला फोन करतो. मेल्ट्झरच्या मांडणीत ओळखणारी आणि शॉक देणारी एकच व्यक्ती होती. इथे त्या दोन झाल्या आहेत. म्हणून टेक्निशियनच्या प्रशिक्षणात लय ओळखण्याइतकाच वेळ फोनवर काय सांगायचे यालाही द्यायला हवा: रुग्ण कोणता, कोणत्या लीडमध्ये, वेग किती, केव्हापासून. आणि पहिला फोन उचलला गेला नाही तर दुसरा कुणाला, हेही.