वार्निश मारल्यावर पलटण पांढरी का पडते?

पावसाळा सुरू झाला की आमच्या दुकानात एकच तक्रार येते. टेबलावर लढाईचा डाव मांडण्यासाठी चोवीस छोट्या खेळण्यातल्या सैनिकांची पलटण जोडून, रंगवून तयार झाली, शेवटी मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, वार्निशचा स्प्रे मारला आणि थोड्याच वेळात सगळ्यांच्या अंगावर पिठूळ पांढरी झाक आली. कॅन बदलून द्या, असं ग्राहक म्हणतात. कॅन क्वचितच खराब असतो. बाहेरची दमट हवा हेच बहुतेक वेळा खरं कारण असतं.

स्प्रेमधलं सॉल्व्हंट, म्हणजे वार्निश पातळ ठेवणारं द्रव, झपाट्याने उडतं, तेव्हा फवारा जिथे बसतो तो पृष्ठभाग थंड होतो. हवेत बाष्प भरपूर असेल तर ते त्या थंड थरावर जमतं आणि ओल्या वार्निशमध्येच अडकतं. वार्निश वाळलं की तिथे अतिसूक्ष्म पोकळ्या राहतात, त्यांवर प्रकाश विखुरतो आणि रंगावर धुकं बसल्यासारखं दिसतं. गडद रंगावर हे लगेच उठून दिसतं. नेपोलियनच्या काळातल्या फ्रेंच पायदळाचा गडद निळा डगला आणि काळी शाको टोपी सगळ्यांत आधी बिघडलेली दिसते. छातीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर तेवढीच झाक असूनही ती जाणवत नाही. म्हणून तपासताना टोपी बघा, पट्टे बघू नका.

हा घोळ नेमका पावसाळ्यातच का होतो, यालाही कारण आहे. नेपोलियन हरला त्या वॉटर्लूच्या लढाईची तारीख १८ जून, इंग्रज आणि मराठ्यांमधल्या असईच्या लढाईची २३ सप्टेंबर. त्या दिवशी डाव मांडायचा म्हणून शेवटच्या आठवड्यात घाईने वार्निश उरकलं जातं, आणि नाशिकची हवा तेव्हा दमट असते. असईसाठी इंग्रजांच्या बाजूच्या ७४वी आणि ७८वी हायलँडर या स्कॉटिश पलटणी रंगवणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. ७४वीची कॉलर आणि बाह्यांची टोकं पांढरी, ७८वीची फिकट बदामी. लाल डगल्यावर झाक आली की हा फरकच पुसला जातो, आणि टेबलावर दोन हातांवरून दोन्ही पलटणी सारख्या दिसायला लागतात.

स्प्रे कधी मारावा

खोलीतला दमटपणा दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र घ्या. आकडा ७० टक्क्यांच्या वर असेल तर कॅन हातात घेऊ नका. ४० ते ६० असेल तर निर्धास्त मारा. उघडीप मिळून गॅलरीत ऊन पडलं म्हणजे हवा कोरडी झाली असं होत नाही, तेव्हाही आकडा बघाच. आणखी एक गोष्ट फार जण करतात: रंगवलेले सैनिक एसीच्या खोलीत ठेवतात आणि स्प्रे मारायला थेट गॅलरीत आणतात. थंड धातूवर बाहेरचं बाष्प लगेच धरतं. सैनिक आणि कॅन दोन्ही, जिथे फवारणार तिथे आधी अर्धा तास ठेवा.

थंडीत सकाळी लवकर नको, अकरा ते चार बरं. उन्हाळ्यात उलटी अडचण येते. एप्रिल-मेच्या दुपारी फवाऱ्याचे थेंब सैनिकापर्यंत पोचायच्या आतच वाळतात आणि अंगावर वाळूसारखी खरखर बसते. तेव्हा सकाळी लवकर आणि २० सेंटिमीटरवरून मारा, ३० वरून नको.

कॅन हलवणं ही टाळाटाळ करायची गोष्ट नाही. मॅटपणा देणारी भुकटी तळाशी बसलेली असते. आतली गोळी वाजू लागल्यावर घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटं हलवा. नाहीतर पहिल्या सैनिकांवर चकाकी येते आणि शेवटच्यांवर भुकटी.

आम्ही पावसाळ्यात ब्रश का वापरतो

जून ते सप्टेंबर आम्ही रंगकामाच्या ऑर्डरवर स्प्रे मारत नाही. पाण्यावर आधारलेलं वार्निश ब्रशने लावतो, त्यामुळे पलटण हातात यायला काही दिवस जास्त लागतात. 'एवढं काय त्यात' असं काही जण म्हणतात. त्यात इतकंच, की रंगकामाचे आठवडे शेवटच्या दहा मिनिटांच्या भरवशावर सोडायचे नाहीत.

पद्धत घरीही जमण्यासारखी आहे. शेवटचा रंग लावल्यावर २४ तास थांबा. आधी ग्लॉसचे, म्हणजे चकाकणाऱ्या वार्निशचे, दोन पातळ थर द्या, मध्ये किमान चार तासांचं अंतर ठेवून. पावसाच्या दिवसांत रात्रभर. हे थर रंग टिकवतात, कारण खेळताना बोटं लागून संगिनीचं टोक, बंदुकीची नळी आणि टोपीच्या कडा सर्वांत आधी उघडे पडतात. मग मॅटचा एक थर. बाटली हलवून बुडबुडे आले तर दहा मिनिटं तशीच ठेवा. मऊ, रुंद ब्रश वापरा आणि अर्धवट वाळलेल्या जागेवर पुन्हा फिरवू नका. पाठपिशवीच्या पट्ट्याखाली आणि कोपराच्या आत वार्निश साचतं. कोरड्या ब्रशच्या टोकाने ते लगेच टिपून घ्या, नाहीतर तिथे दुधी डबकं वाळतं.

पांढरं पडलंच असेल तर

घाबरून वरून दुसरा मॅट मारू नका आणि घासूही नका. आधी एकाच सैनिकावर ब्रशने ग्लॉसचा थर द्या. तो पोकळ्यांमध्ये शिरतो आणि बहुतेक वेळा खालचा रंग परत दिसू लागतो. दुसऱ्या दिवशी बघा, बरा वाटला तर बाकीच्यांना द्या, आणि मग ब्रशनेच मॅट. वाळूसारखी खरखर मात्र ग्लॉसने जात नाही. तिथे रंग काढून नव्याने सुरुवात करावी लागते. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातला थिनर प्लॅस्टिकच्या सैनिकांना कधीही लावू नका, चेहरे विरघळतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, तेही आधी एका सुट्या भागावर बघून. सैनिकांच्या पायाखालचे एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाचे) बेस आधी काढून घ्या, ते फुगतात.

पांढरा डाग फक्त मानेजवळ किंवा हाताच्या सांध्यापाशी असेल तर दोष वार्निशचा नाही, सुपरग्लूच्या वाफेचा आहे. गोंद कमी घ्या आणि जोडलेले सैनिक लगेच बंद डब्यात ठेवू नका. प्लॅस्टिकच्या किटसाठी प्लॅस्टिक सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा गोंदच घ्या, त्याने ही वाफ धरत नाही आणि सांधाही पक्का बसतो. धातू आणि रेझिनला मात्र ते चिकटत नाही, तिथे सुपरग्लूच.

कॅन परत करण्याबद्दल

तक्रार असेल तर कॅन आणि बिघडलेला एक सैनिक घेऊन या. आम्ही तुमच्यासमोर, तुमच्याच कॅनने एका सुट्या तुकड्यावर फवारून दाखवतो. कॅन सदोष निघाला तर नवा देतो. हवेमुळे बिघडलं असेल तर कॅन बदलत नाही, पण त्या एका सैनिकावर ग्लॉस मोफत लावून देतो, म्हणजे बाकीची पलटण वाचेल की नाही हे तुम्हाला कळेल. पूर्ण पलटण दुरुस्तीला द्यायची असेल तर दर पाहून सांगतो. नव्याने रंगवण्यापेक्षा ते नेहमीच स्वस्त पडतं.

ब्रशने लावायच्या ग्लॉस आणि मॅटची जोडी दुकानात वर्षभर असते. सप्टेंबरच्या असईसाठी पलटण आमच्याकडून रंगवून हवी असेल तर जुलै संपायच्या आत सैनिक आणून द्या. न जोडलेले दिलेत तर आणखी बरं, साच्याच्या रेघा आम्ही घासून काढतो.