पत्र्याची छोटी संगणक-पेटी बनवून घेण्यापूर्वी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमची पत्राकामाची लहानशी कार्यशाळा आहे. पॅनेल बोर्डाच्या पेट्या, दालमिलच्या यंत्रांची झाकणे आणि वजनकाट्यांची कव्हरे हे आमचे रोजचे काम. त्याच्या जोडीला आम्ही मागणीप्रमाणे संगणकाच्या लहान पेट्याही करून देतो. (बाजारात तिला कॅबिनेट म्हणतात, बरेच जण सरळ ‘सीपीयू’ म्हणतात, या पत्रकात आम्ही पेटी हाच शब्द ठेवला आहे.) ‘एक छोटी पेटी करायची आहे, किती पडतील?’ असे फोनवर विचारणाऱ्याला आम्ही लगेच आकडा सांगत नाही, उलट मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य बोर्ड), कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा भाग), पॉवर सप्लाय असे सगळे सामान घेऊन कार्यशाळेत या असे सांगतो, आणि त्याचा काहींना राग येतो. सामान पाहिल्याशिवाय आम्ही पत्र्याला हात का लावत नाही, ते या पत्रकात सविस्तर सांगितले आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या काउंटरखाली किंवा कपाटात बाजारातली तयार पेटी बसत असेल तर तीच घ्यावी. हजारोंच्या संख्येने निघणाऱ्या मालाच्या किमतीशी एकेक नग घडवणाऱ्याला बरोबरी करता येत नाही. जागा अडचणीची आहे, धूळ नेहमीपेक्षा जास्त आहे, किंवा संगणक यंत्राच्या अंगालाच पक्का बसवायचा आहे, अशा वेळी मात्र आमच्याकडे जरूर यावे.

ठरलेली मापे आणि न ठरलेली मापे

लहान पेटीची आखणी बहुधा मिनी-आयटीएक्स मदरबोर्डापासून सुरू होते. व्हिया या तैवानी कंपनीने २००१ साली हे माप बाजारात आणले. बोर्ड १७० मिमी लांब आणि तितकाच रुंद असतो. त्याची चार भोके चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असतील असे वाटते, पण तसे नसते: पोर्टांच्या (बाहेरच्या वायरी जोडण्याच्या जागांच्या) बाजूचे एक भोक रांग सोडून सुमारे २३ मिमी आत असते, आणि घरच्या घरी पट्टीने माप घेऊन पाठवलेल्या रेखाटनांत नेमकी हीच चूक आम्हाला वारंवार दिसते. पोर्टांसाठी मागच्या पत्र्यात १५८.७५ गुणिले ४४.४५ मिमीची खिडकी लागते. एसएफएक्स जातीचा पॉवर सप्लाय १२५ गुणिले १०० गुणिले ६३.५ मिमीचा असतो, फ्लेक्स जातीचा १५० गुणिले ८१.५ गुणिले ४०.५ मिमीचा. १२० मिमीच्या पंख्याच्या स्क्रूंमधले अंतर १०५ मिमी, ९२ मिमीच्या पंख्याचे ८२.५ मिमी. ही सगळी मापे ठरलेली आहेत आणि ती आमच्याकडे तयार असतात. त्यांसाठी आपल्याला येण्याचे कारण नाही.

अडचण होते ती न ठरलेल्या मापांची. कूलरची उंची प्रत्येकाची निराळी. ग्राफिक्स कार्डाची लांबी सांगितली जाते, पण त्याची वीजजोडणी कोणत्या अंगाला आहे आणि वायर वळायला किती जागा घेते हे कोणी सांगत नाही. चोवीस पिनांच्या जोडणीचा जाड जुडगा बोर्डातून सरळ वर येतो आणि मगच वाकतो, तर पुढच्या यूएसबीची वायर इतकी ताठ असते की ती जबरदस्तीने दाबली तर बोर्डावरची जोडणीच निखळते. सुरुवातीच्या काळात आम्हीही एका ग्राहकाने फोनवर सांगितलेल्या मापांवर पेटी कापली, वाकवली, रंगवली, आणि कार्ड बसवल्यावर वायरीमुळे झाकण १८ मिमी उघडेच राहिले. मापे खरी होती, आम्ही वायर विचारली नव्हती. ती पेटी आम्ही नव्याने, पैसे न घेता करून दिली, आणि तेव्हापासून सामान टेबलावर मांडल्याशिवाय पत्रा मशीनवर जात नाही.

सामान आल्यावर आम्ही ते खऱ्या वायरींसह जोडतो आणि भोवती जाड पुठ्ठ्याची पेटी चिकटपट्टीने उभी करतो. या कामाला तासभर लागतो आणि ग्राहकाने त्या वेळी समोर असावे अशी आमची विनंती असते, कारण ‘बटण या बाजूला हवे, उजव्या हाताला भिंत आहे’ ही गोष्ट पुठ्ठ्याची पेटी समोर दिसल्यावरच आठवते. पुठ्ठा कापून माप बदलायला कात्री पुरते.

उदाहरण म्हणून नंदुरबारच्या एका मिरची व्यापाऱ्याच्या पेढीवरील पेटी घेऊ. ग्राफिक्स कार्ड नव्हते. बोर्डाच्या शेजारी फ्लेक्स पॉवर सप्लाय उभा ठेवला आणि बाहेरून २२५ मिमी रुंद, १९० मिमी खोल व ९२ मिमी उंच अशी पेटी निघाली. घनफळ चार लिटरला किंचित कमी, म्हणजे पाच लिटरच्या तेलाच्या कॅनपेक्षाही लहान.

उन्हाळा, धूळ आणि उंदीर

मोठ्या शहरांतल्या वातानुकूलित खोल्या डोळ्यांसमोर ठेवून काढलेली रेखाटने ग्राहक पुष्कळदा घेऊन येतात. ती सुंदर असतात, पण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो याचा विचार त्यांत नसतो. पेटीतला पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीत ३० अंश असताना पूर्ण भारावर प्रोसेसर ७५ अंशांवर राहत असेल, तर त्याची वाढ ४५ अंशांची आहे. तीच वाढ ४५ अंशांच्या खोलीत त्याला ९० अंशांच्या घरात नेते, आणि आणखी थोडे चढले की बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. म्हणून इकडच्या पेटीत एक-दोन लिटर जागा जास्त गेली तरी चालेल, पण हवेला वाट मोकळी हवी, असे आमचे मत आहे, आणि त्यावर आम्ही ग्राहकाशी थोडा वादही घालतो. ‘पेटी धातूची आहे, ती आपोआप उष्णता ओढून घेईल’ हा समज मात्र सोडावा. प्रोसेसर पत्र्याला थेट टेकवलेला नसेल तर मधली हवा उष्णता फारशी पुढे जाऊ देत नाही. काम पंख्यालाच करावे लागते.

हवेसाठी पत्र्यात जाळी पाडावी लागते. ३ मिमी व्यासाची भोके एकाआड एक रांगेत ५ मिमी अंतरावर पाडली तर सुमारे एक तृतीयांश जागाच मोकळी होते. अंतर ४ मिमी केले तर निम्मी. १२० मिमीच्या पंख्यापुढे या दुसऱ्या हिशेबाने सातशेच्या आसपास भोके येतात, आणि लेझर कटिंगवाला भोकागणिक पैसे लावतो, त्यामुळे दिसायला साधी असणारी जाळी बिलात मोठी दिसते. भोक ३ मिमीपेक्षा मोठे करा असा आग्रह काही जण धरतात. गोदामात किंवा दुकानात पेटी ठेवणार असाल तर आम्ही तो मान्य करत नाही. उंदराचे पिल्लू ६ मिमीच्या फटीतूनही आत शिरते, आणि पॉवर सप्लायमध्ये अडकून जळालेली पाल आम्ही एकाहून अधिक वेळा काढली आहे.

धुळीचा प्रकार जागेप्रमाणे बदलतो. जिनिंगमध्ये कापसाचे तंतू फिल्टरवर बसून त्याची अक्षरशः गादी होते, म्हणून तिथे फिल्टर पेटीच्या बाहेरून, चालता-बोलता दिसेल असाच लावतो. आत लपवलेला फिल्टर कोणी साफ करत नाही. मिरचीच्या पेढीवर बारीक भुकटी फटीफटीतून आत जाते. तिथे आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त ठेवावी लागते, म्हणजे फटींतून हवा बाहेरच ढकलली जाते आणि भुकटी केवळ फिल्टरवर अडते. तो फिल्टर चुंबकावर बसवतो, पेचकसाशिवाय निघतो. झटकताना नाकाला रुमाल बांधावा, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

पत्रा आणि त्याचे वाकवणे

बहुतेक पेट्यांसाठी आम्ही १.२ मिमीचा, म्हणजे जुन्या बोलीत १८ गेजचा, सीआरसी (थंड लाटलेला पोलादी) पत्रा वापरतो. वर सांगितलेल्या पेटीला असा पत्रा सुमारे दीड किलो लागतो. वजन कमी हवे असेल तर १.५ मिमीचे अ‍ॅल्युमिनियम घेता येते, त्यात तीच पेटी पाऊण किलोच्या आत बसते. मात्र ते ५०५२ जातीचे असावे, कारण ६०६१ जातीचा कडक केलेला पत्रा लहान वळणावर तडकतो. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा स्वस्त पडतो, पण त्यावर रंग नीट धरत नाही आणि कापलेली कड उघडी राहते. तो आम्ही सुचवत नाही. स्टेनलेसची पेटी करून देतो, पण बोटांचे ठसे आणि ओरखडे लपत नाहीत हे आधीच सांगून ठेवतो.

पत्रा वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, आणि या ताणामुळे सपाट पट्टीची लांबी ही बाहेरच्या मापांच्या बेरजेइतकी नसते. वरच्याच पेटीचा मुख्य पत्रा बाहेरून ९२, २२५ आणि ९२ मिमी असा तीन बाजूंचा आहे. बेरीज ४०९ मिमी होते. १.२ मिमीच्या पत्र्यात, आतली गोलाई तितकीच धरली तर, प्रत्येक काटकोनी वळणामागे सुमारे २.१ मिमी वजा करावे लागतात, म्हणून पट्टी ४०४.८ मिमीची कापायची. ४०९ची कापली तर पेटी ४ मिमीने वाढते, झाकण ढिले बसते आणि मागची खिडकी पोर्टांशी जुळत नाही. वजावटीचा हा आकडा प्रत्येक बेंडिंग मशीनच्या साच्याप्रमाणे थोडा बदलतो, त्यामुळे नवा पत्रा आला की आम्ही आधी एक तुकडा वाकवून, गुण्या आणि व्हर्नियर लावून तो तपासतो. भोके वळणाच्या अगदी जवळ मागू नयेत. ती ओढली जाऊन लांबट होतात.

स्क्रूंबद्दलही असाच एक हिशेब आहे. एम३ स्क्रूचे आटे अर्ध्या मिलिमीटरवर असतात, म्हणजे १.२ मिमी पत्र्यात सरळ टॅप मारला, म्हणजे भोकातच आटे पाडले, तर जेमतेम दोन आटे मिळतात आणि तीन-चार वेळा झाकण उघडले की ते झडतात. म्हणून उघडझापीच्या प्रत्येक जागी आम्ही रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात दाबून पक्का बसवायचा नट) बसवतो. त्याचे पैसे वेगळे लागतात. ते वाचवू नयेत.

रंग आणि अर्थिंग

पावडर कोटिंगला (रंगाची कोरडी भुकटी फवारून ती भट्टीत भाजण्याच्या कामाला) जाण्यापूर्वी पत्र्याच्या सगळ्या कडा कानशीने मारून घेतल्या जातात, कारण धारदार कडेवर पावडर पातळ बसते आणि पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. पावडर भट्टीत १८० ते २०० अंशांवर भाजली जाते आणि तिचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो. हा थर नगण्य वाटतो, पण सरकत्या झाकणाच्या दोन्ही बाजू मिळून चार पृष्ठे रंगतात आणि पाव मिलिमीटरहून जास्त जागा खातात. एकदा आमचे रंगाआधी मऊ सरकणारे झाकण रंगानंतर हातोडीशिवाय निघेना. आता आम्ही प्रत्येक बाजूला अर्धा मिलिमीटर मोकळा सोडतो.

रंग वीज जाऊ देत नाही, म्हणून बोर्डाच्या खुंट्यांखाली, पॉवर सप्लायच्या स्क्रूंपाशी आणि झाकणाच्या एका कोपऱ्यात रंग मुद्दाम लागू दिला जात नाही. तिथे उघडा पत्रा दिसला तर ते काम अर्धवट राहिले असे समजू नये आणि त्यावर घरी रंग लावू नये. पेटी देण्यापूर्वी प्लगच्या अर्थच्या पिनेपासून पेटीच्या प्रत्येक भागापर्यंत मल्टिमीटरने जोडणी तपासली जाते. दुकानात तीन पिनांचा प्लग आणि खरोखर चालणारे अर्थिंग असणे ही जबाबदारी आपली आहे. धातूच्या पेटीला ते नसेल तर झटका बसण्याचा धोका राहतो. धातूची पेटी वायफायही अडवते, त्यामुळे वायफायचा अँटेना बाहेर काढण्याची भोके आधीच सांगावीत.

किंमत आणि वेळ

रेखाटन, लेझर कटिंग, वळणांची संख्या, नट आणि रंग यांवर किंमत ठरते. रेखाटनाला एक पेटी असो की दहा, वेळ सारखाच लागतो, आणि कोटिंगवाला एका पेटीसाठी भट्टी पेटवत नाही. म्हणून दुसरी पेटी पहिलीपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि काळा किंवा राखाडी रंग लवकर मिळतो. खास रंगासाठी थांबावे लागते. पुठ्ठ्याचा नमुना आपण पाहून मान्य केल्यावरच लेखी दर दिला जातो व अर्धी रक्कम घेतली जाते. त्यानंतर मापे बदलल्यास कापलेल्या पत्र्याचे पैसे द्यावे लागतील. येताना मदरबोर्ड कूलरसह, पॉवर सप्लाय, सर्व वायरी, असल्यास ग्राफिक्स कार्ड, आणि पेटी जिथे ठेवायची त्या जागेची लांबी-रुंदी-उंची लिहून आणावी.

पेटी नेण्याच्या दिवशीही सामान सोबत आणावे. आम्ही ते आपल्यासमोर बसवतो, झाकण लावतो आणि संगणक तासभर पूर्ण भारावर चालवतो. उन्हाळ्यात असाल तर दुपारी यावे. आमच्या पत्र्याच्या छपराखाली त्या वेळी जी पेटी चालते, ती आपल्या दुकानातही चालेल.